नऊ नंबरची हजेरी

तुरुंग बंद पडून वीस वर्षं झाली होती आणि आता तो तिकीट लावून दाखवायचं ठरलं होतं. गिलाव्याचं काम तिच्याकडे आलं. बापामागे तिनेच थापी हातात घेतली होती, आणि तिच्या भिंतीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

काम सुरळीत चाललं होतं. फक्त नऊ नंबरच्या कोठडीबाहेरचा गिलावा वाळत नव्हता. शेजारचे आठ आणि दहा खडखडीत झाले, हा मात्र ओलाच. रोज सकाळी त्यावर बोटाच्या पेराएवढा फुगवटा आलेला असे, आतून कुणीतरी दाबल्यासारखा. ती ओलीला चार शिव्या घालायची आणि थापीने तो बसवून टाकायची.

मग तिकिटाचं काम बघणाऱ्या साहेबांनी तिच्या हातात एक पाटी दिली. नऊ नंबरवर ठोकायची होती. ‘फरार कैद्याचा आत्मा येथे रोज दार वाजवतो. हिंमत असेल तर कान लावा!’

वाचून तिचं डोकं भणाणलं. नऊ नंबर म्हणजे तिचे बाबा. वीटभट्टीच्या संपात धरून नेले होते, आणि तीन महिन्यांनी घरी कागद आला होता, नऊ नंबरचा कैदी पळाला. त्या एका शब्दाने आई आयुष्यभर नवऱ्याने टाकलेली ठरली आणि ही पळपुट्याची पोर. आई अजून त्या कागदाची घडी उशीखाली ठेवून झोपायची.

“पळाला म्हणता आणि इथेच दार वाजवतो म्हणता,” ती म्हणाली. “दोन्हीतलं एक काय ते ठरवा.”

“अहो बाई, लोकांना भूत लागतं,” साहेब म्हणाले आणि मोबाइल कानाला लावून निघून गेले. तिच्या बापाची अब्रू त्यांनी तिकिटाबरोबर फुकट वाटायला काढली होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा मामा आले; सगळेच त्यांना मामा म्हणत. तरुणपणी ते इथेच पहारेकरी होते; आता पाहुण्यांना तुरुंग दाखवायला त्यांनाच नेमलं होतं. जुनी हजेरीची वही काखेत घेऊन ते संध्याकाळच्या मोजणीची तालीम करत. पद्धत जुनीच. पहारेकऱ्याने किल्लीने दारावर दोनदा ठोकायचं, आतल्याने एकदा. बोलायचं नाही. मग पहारेकऱ्याने नंबर आणि ‘हजर’ म्हणायचं आणि वहीत लिहायचं.

मामांनी आठवर ठोकलं आणि सरळ दहाकडे गेले.

“मामा, नऊ राहिली.”

“ती रिकामी आहे, पोरी.”

“सगळ्याच रिकाम्या आहेत.”

मामा नजर चुकवायला लागले. तिने त्यांच्या हातातली किल्ली घेतली आणि नऊच्या दारावर दोनदा ठोकली.

आतून एकदा वाजलं.

“नऊ, हजर,” मामा म्हणाले. जुनी सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

तिच्या अंगावर काटा आला, पण संताप भीतीपेक्षा मोठा होता. “त्या संध्याकाळीही हजरच होते ना?”

“होता. हजर लिहून मी घरी गेलो. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं, तरी वरच्यांनी खोडायला लावलं.” मामांनी काखेतली वही खाली घेतली. “मला लेकरं होती, पोरी.”

“मलाही बाप होता.”

तिने वहीतलं त्या दिवसाचं पान उघडलं. खोडलेलं ‘हजर’ आणि त्यावर ‘फरार’. कानावरची पेन्सिल काढून तिने त्यांच्या हातात दिली. मामांनी ‘फरार’ खोडलं आणि पुन्हा ‘हजर’ लिहिलं.

आईला हेच पान दाखवायचं, असं ठरवून तिने पाटी घमेल्यात पालथी घातली. नऊच्या बाहेरचा गिलावा वाळून पांढरा पडला होता.

मामा वही मिटायला लागले.

चौदा नंबर वाजला. तिथे कुणीच ठोकलं नव्हतं.

मग एकवीस. मग सव्वीस.

मामा भिंतीला धरून खाली बसले.

“किती जणांना फरार लिहिलंत, मामा?”

दारं वाजत राहिली, घाई न करता, एकेकदा.

तिने वही त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली.

“चौदा,” ती म्हणाली. “लिहा.”