मेघनाने भांडणं सोडलं

पहिल्याच भेटीत धम्मपालने मेघनाला तोंडावर सांगितलं, "चुकलंय तुमचं!" ठाण्यात कोलशेतच्या एका कंपनीत ती नवी डिझायनर. म्हाताऱ्या माणसांसाठी केलेला चाकांचा वॉकर घेऊन लिफ्टपाशी उभी होती.

"उंबऱ्यावरून घसरेल हा."

"तुम्ही कोण?"

"टेस्टिंगला आहे. टिटवाळ्याच्या चाळीत वाढलोय, मॅडम. आमच्याकडे उंबरे असतात."

"डोंबिवलीतही असतात!" ती ठसक्यात म्हणाली. घरी जाऊन बघितलं, तर फ्लॅटला नावापुरता एकच.

मग रोज जुंपायची. तिला चाकं हवीत, त्याला रबरी पाय. टीमच्या प्रमुख शालनताई मध्ये पडायच्या नाहीत, नुसता चहा मागवायच्या. त्या वादावादीतूनच भार पडला की आपोआप थांबणारी चाकं निघाली आणि अख्खी कंपनी खूश झाली. मेघनाचं मात्र भलतंच झालं. वाद घालताना तो एक भुवई उचलायचा... ती भुवई तिला घरीही दिसू लागली.

प्रेमात पडली आणि बया भांडायचीच थांबली! त्याच्या प्रत्येक म्हणण्याला हो. त्याने घडीचं हँडल सुचवलं, तेव्हा फटीत बोट सापडणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी हो! वॉकर चालवून बघायला आलेल्या मालनआजींचं बोट सापडून चांगलं सुजलं.

संध्याकाळी तो तिच्या टेबलापाशी आला.

"तुला दिसलेलं ना?"

"दिसलेलं."

"मग बोलली का नाहीस? हल्ली तू भांडतच नाहीस माझ्याशी... वाटलं, कंटाळलीस. नाशिकला ते व्हीलचेअरचं काम मिळतंय, उद्या हो कळवतोय मी."



"कंटाळले? अरे, तुझा चेहरा पडलेला बघवत नाही मला... आवडतोस तू. म्हणून गप्प बसले."

त्याचे कान लालबुंद झाले. "मलाही... कधीपासून," तो पुटपुटला. "नाशिकला नाही म्हणून टाकतो मग."

मान डोलावणं किती सोपं होतं! रोज तो समोर, रोज त्याचा आवाज... पण व्हीलचेअरच्या कामासाठी तो किती झुरत होता, हेही तिला ठाऊक होतं.

"नाही, धम्मा," तिचे डोळे भरून आले. "तू जायचंस."

"अगं, पण—"

"जायचंस म्हणजे जायचंस! रविवारी येत जा फक्त."

तिचा हात हातात धरून तो बराच वेळ वाद घालत राहिला. ती हटली नाही. सोमवारी तो नाशिकला गेला, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला वाटलं, या एका वादात हरले असते तर किती बरं झालं असतं.