तळाचं पाणी

बायको गेल्याचा निरोप आला, तेव्हा तो धरणाखालच्या वीजघरात जनित्राला तेल घालत होता. तेलकट हातांनीच तो दवाखान्यात धावला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाण्यातलं विष आहे. बरीच वर्षं पोटात जात होतं."

विष कुठून येतं, ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. डोंगरातल्या घळीत कारखान्याची नळी नदीला मिळाली होती, पण तिचं तोंड एरवी पाण्याखाली. तपासणी केंद्राने त्याच्या हाती काचेची एक बाटली दिली. नळीच्या तोंडचं पाणी आणलं, तरच वस्तीला दुसरीकडून पाणी मिळणार होतं. आणि ते तोंड उघडं पडायचं फक्त सुट्टीच्या दिवशी, विजेची मागणी घटून जनित्रं थांबली आणि धरणातून पाणी सुटेनासं झालं की.

सुट्टीच्या दिवशी तो निघाला. सासरा आधीच वाटेवर उभा. म्हातारा जन्माचा नावाडी.

"मामा, तुम्ही घरी थांबा."

"लेक माझीही होती, जावईबापू. आणि तुम्हाला पोहता येत नाही. बुडालात तर काढायला कोणी नको?"

दोन्ही बाजूंना सरळ कडे, पायाखाली शेवाळलेले धोंडे आणि उन्हाने कोमट झालेल्या डबक्यांत पोट वर करून तरंगणारे मासे. वास तर डोक्यात जाणारा. सोबत आणलेला दोर एका कपारीत असा अडकला की तोडून तिथेच टाकावा लागला.

अखेर नळी दिसली. काळा फेस ओकत होती. त्याने बाटली भरली, बूच घट्ट लावलं, पिशवीत ठेवली.

"माझं काही झालं तरी बाटली सोडू नका," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात जावयाच्या पोटऱ्यांना गारठा झोंबला. तो थिजला. हे तर धरणाच्या तळाचं पाणी! सुट्टी असूनही विजेची मागणी वाढली असावी. जनित्र सुरू करण्याआधी थोडं पाणी सोडतात, मागोमाग लोंढा. घळीच्या वळणांमुळे धरणावरचा इशाऱ्याचा भोंगा ऐकूच आला नव्हता.

"मामा, वर चढा!"

तो चढला. बोटं सोलली. वरच्या कंगोऱ्यावर छाती टेकली. मागे वळून पाहिलं, तर म्हाताऱ्याचा पाय निसटला होता. एका हाताने लोंबकळत होता. घळ गरजली. पाणी म्हाताऱ्याच्या कंबरेला भिडलं!

दोर नव्हता. विचार करायला वेळ नव्हता. त्याने खांद्यावरची पिशवी काढली, पट्टा मनगटाला गुंडाळून खाली सोडली.

"धरा!"

म्हाताऱ्याने पिशवीला मिठी मारली. हिसक्यासरशी पिशवी कड्यावर आदळली. आत काच फुटली. त्याने दात-ओठ खात ओढलं. ओढतच राहिला.

बराच वेळ दोघे धापा टाकत पडून होते. पिशवीतून काळं पाणी ठिबकत होतं. म्हाताऱ्याच्या तळव्यातून रक्त.

"सांगितलं होतं ना, बाटली सांभाळा म्हणून?"

"आणि तुमच्या लेकीला काय तोंड दाखवलं असतं?"

खाली नळी पुन्हा बुडाली होती. वस्तीत अजून तेच पाणी पितात. बाटली भरून न्यायची राहिली आहे.