साहेबांची अर्धी फेरी

"होडीचं नाव 'वाघीण'च," ठिणगी म्हणाली.

"होडी दीड हाताची, तीही पत्र्याची, आणि नाव वाघीण! बुडाली तर समस्त वाघांची अब्रू जाईल," वकील म्हणाला.

वकील म्हणजे ठिणगीचा मामेभाऊ. वय वर्षं तेरा, पण वाद घालायला मिळाला की जेवणसुद्धा विसरायचा. त्याच्या धाकट्या बहिणीला सगळे शेपूट म्हणायचे, कारण ही दोघं जातील तिथं ती मागोमाग असायचीच. आणि ठिणगीला ठिणगी का म्हणतात, हे तिच्याशी पाच मिनिटं बोललं की कुणालाही कळायचं. दर सुट्टीत ती मामाकडे यायची. या वर्षी मामाने कबूल केलं होतं की सुट्टीच्या पहिल्या दिवशी तो तिला पाण्यावर चालणारी होडी करून देईल.

मामा पत्र्याचं काम करायचा. डबे, नरसाळी, झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या, काय म्हणाल ते. पण त्याचं नाव झालं होतं ते उंदराच्या पिंजऱ्यांमुळे. उंदीर आत शिरला की दार खटकन पडायचं, आणि उंदराच्या मिशीलाही धक्का लागायचा नाही. सकाळी पिंजरा माळावर नेऊन उघडायचा, की स्वारी निघाली! दुकानात अशी चाळीस-पन्नास पिंजऱ्यांची माळच टांगलेली असायची. त्यांच्याखाली टेबलावर होडी तयार होत आली होती. फक्त पुढचा जोड बाकी होता.

तेवढ्यात दारात सायकल थांबली. सापळा-निरीक्षक साहेब आले होते. खाकी सदरा, काखेत वही, आणि चेहरा असा की जणू आताच कडू काढा प्यायलेत. त्यांनी पिंजरे मोजले, वही उघडली आणि कायदा वाचून दाखवला. सरकारी बिल्ला नसलेला कोणताही सापळा बनवणं किंवा जवळ ठेवणं हा गुन्हा होता. मामाने हात जोडून सांगितलं, की बिल्ले मागायला तो कचेरीत तीनदा येऊन गेला आणि तिन्ही वेळा साहेबांनीच बिल्ले संपल्याचं सांगितलं.

"बिल्ले संपलेत, हे खरं," साहेब म्हणाले. "पण कायदा संपलेला नाही."

दहा मिनिटांत दुकानाला कुलूप लागलं आणि कुलपावर लाखेचं सील बसलं. गुरुवारी चार वाजता नगरसभागृहात सुनावणी होती. तिथं निकाल विरुद्ध गेला तर दुकान कायमचं बंद होणार होतं. होडी आतच राहिली. पण ठिणगीला त्या क्षणी होडीचं काही वाटलं नाही. मामा पायरीवर बसला होता आणि आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. केशकर्तनालयात एका गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच राहिली, कारण न्हावी वस्तरा हवेत धरून भाषण करत होता. काहींचं म्हणणं, कायदा म्हणजे कायदा, आज उंदराचा पिंजरा सोडला तर उद्या कुणी वाघाचा आणेल. बाकीचे विचारत होते, की मग पुलापलीकडचं काय? तिथं तळेवाल्या काकांचं माशांचं मोठं तळं होतं. मासे खायला पाणमांजरं यायची, आणि त्यांच्यासाठी काकांनी गवतात लोखंडी जबडे लावलेत अशी कुजबुज होती. हल्ली एक पाणमांजर तीन पायांवर चालताना दिसायचं. पण साहेबांची कारवाई नेहमी पुलाच्या अलीकडेच व्हायची. गरिबाला एक न्याय आणि बड्या आसामीला दुसरा, असं न्हावी म्हणाला, आणि गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीनिशी मान डोलावली.

"कुजबुजीने सील निघत नाही," ठिणगी म्हणाली. "आपण जाऊन बघू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने जाताना त्यांच्या हातात मोठी काळी छत्री दिली. ऊन नव्हतं, पाऊस तर नव्हताच. मामी म्हणाली, पलीकडे हंस आहेत, अंगावर आले तर पळायचं नाही, छत्री उघडून समोर धरायची आणि सावकाश चालत राहायचं. मामीच्या माहेरी हंस होते, त्यामुळे या विषयात तिचा शब्द अखेरचा होता.

हंस म्हटलं की आपल्याला पुस्तकातला शहाणा पक्षी आठवतो, दूध आणि पाणी वेगळं करणारा. तळ्यावरच्या सात हंसांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नव्हती. ते माना लांब करून, फिस्स फिस्स करत धावून आले. शेपटाने छत्री उघडली. पुढचा हंस थबकला, मागचे त्याच्यावर आपटले, आणि सगळी पलटण रागाने बडबडत बाजूला झाली.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला गवतात वकिलाने काठी खुपसली. खाड! काठीचे दोन तुकडे झाले. मांजराची मान मावेल एवढा लोखंडी जबडा होता तो, दातेरी, साखळीने खुंटीला बांधलेला. त्याला बिल्ला नव्हता. थोड्या अंतरावर दुसरा होता, त्यापुढे तिसरा. शेपूट ठिणगीचा हात घट्ट धरून चालत होती.

तिघं धावत कचेरीत गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की अधिकाऱ्याने सापळा स्वतःच्या डोळ्यांनी जागेवर पाहिल्याशिवाय कारवाई होत नाही. आणि ते तर रोज सकाळी तळ्याची फेरी करतात! पुरावा म्हणून त्यांनी वही दाखवली. वर्षभर रोज एकच ओळ होती, 'तळ्याची पाहणी केली. आक्षेपार्ह काही नाही.' हे दाखवताना ते खिडकीबाहेर बघत होते.

"लाच!" बाहेर येताच वकील म्हणाला. "सरळसरळ लाच!"

"पाहिलीस तू घेताना? नाही ना? मग उद्या सकाळी पाहू," ठिणगी म्हणाली.

बुधवारी सकाळी तिघं पुलाखाली दबा धरून बसली. साहेब सायकलवरून शीळ घालत आले. पुलाच्या मध्यावर येताच पलीकडून एक खणखणीत आवाज आला, आणि फाटकातून सात पांढऱ्या माना बाहेर पडल्या. शीळ बंद झाली. साहेब सायकलवरून उतरले. दोन पावलं पुढे गेले, चार मागे आले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, सायकलच्या सीटवर वही ठेवून एक ओळ लिहिली आणि आल्या वाटेने असे सुटले की त्यांची टोपी मागे राहिली.

वकील तोंड दाबून हसत होता. हसता हसता त्याचा एक पाय पाण्यात गेला. "साहेब हंसांना भितात! उद्या भर सभेत सांगतो. सगळं गाव लोळून हसेल!"

ठिणगीही हसली होती, पण तिचं हसू लवकर ओसरलं. गेल्या वर्षी वर्गात पाल पाहून ती बाकावर चढली होती, आणि पुढचे दोन महिने मुलं तिच्या दप्तरात कागदाच्या पाली टाकत होती. हसण्याने तिची भीती गेली नव्हती, उलट ती लपवायची सवय लागली होती. शिवाय सभेत हसून सील थोडंच निघणार होतं? सापळे पाहायला तर कुणीच गेलं नसतं.

तिने टोपी उचलली. "आपण आधी त्यांनाच सांगू."

कचेरीत साहेब एकटेच होते. ठिणगीने टोपी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की सकाळी ती तिघं पुलाखाली होती. साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी टोपी जवळ ओढली आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"मी सात वर्षांचा होतो," ते शेवटी म्हणाले. "आत्याच्या अंगणात एका हंसाने मला कोंबड्यांच्या खुराड्यात दुपारभर कोंडून ठेवलं. घरचे अजून हसतात."

"आम्ही नाही हसणार," ठिणगी म्हणाली. वकिलाने घाईघाईने गंभीर चेहरा केला. "पण साहेब, आमच्या मामाच्या दारात हंस नाहीत. म्हणून तुम्ही आत आलात."

साहेबांनी मान खाली घातली. कडू काढ्याचा चेहरा कुठल्या कुठे गेला, आणि तिथं एक साधा, ओशाळलेला माणूस दिसायला लागला. मग शेपूट पुढे झाली आणि तिने त्यांना छत्री कशी उघडायची ते दाखवलं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता पुलावरून चार छत्र्या निघाल्या. सगळ्यात पुढे शेपूट, तिच्यामागे साहेब. "पळायचं नाही हं साहेब," शेपूट सारखी बजावत होती, आणि साहेब "नाही, नाही" म्हणत तिच्या फ्रॉकचं टोक धरून चालले होते. हंस आले. साहेबांनी डोळे मिटले. छत्र्यांची भिंत पुढे सरकली आणि पलटण बाजूला झाली.

"सहाच?" ठिणगी म्हणाली. "काल तर सात होते!"

पलीकडच्या काठाकडून फडफड ऐकू आली. गवतात सातवा हंस आडवा पडला होता. सगळ्यात थोरला, पलटणीचा म्होरक्या. त्याचा पाय लोखंडी जबड्यात अडकला होता आणि तो धडपडून धडपडून थकला होता. जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानी एकदम दाबल्याशिवाय तो उघडणार नव्हता. मुलांनी जोर लावून पाहिला, पण कमानी तसूभरही हलल्या नाहीत. त्यासाठी मोठ्या माणसाचं वजन हवं होतं.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हंसाकडे पाहिलं. हंसाने फिस्स केलं, पण अगदी क्षीण.

साहेबांनी छत्री खाली टाकली. अंगातला खाकी सदरा काढून हंसाच्या डोक्यावर अलगद पांघरला, दोन्ही बूट दोन्ही कमानींवर रोवले आणि सगळा भार दिला. जबडा उघडला. ठिणगीने पाय हलकेच सोडवला. साहेबांनी वाकून हंसाला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. हंसाने सदऱ्यातून मान बाहेर काढली, त्यांच्या कानाला कचकन चावा घेतला आणि मग त्यांच्या खांद्यावर मान टाकून गप्प राहिला.

"एवढंच?" साहेब कान चोळत म्हणाले. "एवढ्यासाठी मी तीस वर्षं घाबरत होतो?" आणि ते मोठ्याने हसायला लागले. मग मुलांनाही हसायची परवानगी मिळाली.

सभागृहात चार वाजून गेले होते. नगराध्यक्षबाई घड्याळ पाहत होत्या, मामा-मामी पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते, आणि न्हाव्याने पुलापलीकडच्या सापळ्यांचं विचारलं म्हणून तळेवाले काका उभे राहून बोलत होते. त्यांच्या तळ्यावर एकही सापळा नाही, हवं तर साहेबांची वही पाहा, असं ते छातीठोकपणे सांगत होते. तेवढ्यात दार उघडलं. बनियनवरचे साहेब आत आले, मागोमाग तिन्ही मुलं. त्यांच्या काखेत, सदऱ्यात गुंडाळलेला हंस होता.

"अरे, हा तर माझा म्होरक्या!" काका ओरडले.

वकील हात मागे बांधून पुढे झाला. आयुष्यभर तो याच दिवसाची वाट पाहत होता. "काका, हंस नक्की तुमचाच?"

"म्हणजे काय! अंड्यातून बाहेर आला तेव्हापासून पाळलाय मी."

"तळ्याच्या कुंपणाबाहेर जातो का कधी?"

"एक पाऊल टाकत नाही!"

"मग याच्या पायाला हे कुठं लागलं?" असं म्हणून वकिलाने हात पुढे आणले आणि खुंटीसकट उपटून आणलेला लोखंडी जबडा टेबलावर ठेवला. काका मटकन खाली बसले. शेवटच्या रांगेतून न्हावी म्हणाला, "करावे तसे भरावे!"

पण साहेबांना अजून बोलायचं होतं. त्यांनी तळ्यावर एकूण अकरा सापळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. मग वही नगराध्यक्षबाईंसमोर ठेवली. "यातली तळ्याची प्रत्येक ओळ खोटी आहे. मी कुणाकडून काही घेतलं नाही. मी हंसांना भ्यायलो. जिथं भीती नव्हती तिथंच मी कायदा चालवला, आणि एका सरळ माणसाचं दुकान बंद केलं. जी शिक्षा द्याल ती मला मान्य आहे."

कुणीही हसलं नाही. ठिणगीने मागे वळून पाहिलंसुद्धा, पण खरंच कुणी हसलं नाही.

नगराध्यक्षबाईंनी निकाल द्यायला फार वेळ घेतला नाही. मामाच्या दुकानाचं सील आजच निघणार होतं. अकराही जबडे संध्याकाळच्या आत निघणार होते, आणि काकांना तळ्याभोवती स्वतःच्या हातांनी जाळीचं कुंपण घालायचं होतं. साहेबांना वर्षभर रोज फेरी करून दर आठवड्याला वही दाखवायला यायचं होतं. आणि बिल्ले नसतील तर ते गावातल्या पत्रेवाल्याकडूनच करून घ्यावेत, म्हणजे पुन्हा संपल्याची सबब नको! मामाने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"शेवटी हंसानेच दूध आणि पाणी वेगळं केलं म्हणायचं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. "पण त्याला इथवर आणलं तुम्ही. आणि एका माणसाचं हसं न करता आणलं. ते आम्हा मोठ्यांना जमलं नसतं."

मामीने शेपटाला उचलून घेतलं.

सील साहेबांनी स्वतःच्या हातांनी तोडलं. दुसऱ्या दिवशी मामाने होडीचा शेवटचा जोड पुरा केला, आणि नाव ठरवताना या वेळी वाद झालाच नाही. पुलाजवळच्या पाण्यात 'म्होरक्या' डुलत डुलत निघाली. खरा म्होरक्या, पायाला पट्टी बांधलेला, काठावरून तिच्यावर खेकसत होता.

साहेब छत्री घेऊन पूर्ण फेरी मारून आले आणि मुलांशेजारी गवतात बसले. वहीत त्यांनी काय लिहिलं ते त्यांनी ठिणगीला दाखवलं.

'पूल ओलांडला. तळ्याची पाहणी केली. हंस सात, सापळे शून्य.'

ओळ वाचून ठिणगीने त्यांना हळूच, फक्त त्यांनाच, पालीची गोष्ट सांगितली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी आपली छत्री तिच्या हातात दिली.