जाणाराही 'येतो' म्हणतो

माझी ताई वेगळी राहते. आमच्याकडे आली की निघताना "येते" म्हणत नाही. सरळ "जाते" म्हणते.

आई दर वेळी चिडते. असं अभद्र बोलू नये, येते म्हणावं, एवढंही कळत नाही का, असं मागून ओरडते. ताई चपला घालते आणि जिना उतरते.

आईला कारण माहीत नाही. मला आहे.

पुढे जे सांगतोय ते खरं घडलेलं आहे. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. ऐन दुपारी, भरलेल्या नाट्यगृहात घडलं. मी तिथे नव्हतो, पण ताई होती, आणि ताईला थापा मारता येत नाहीत. लहानपणी तिच्यामुळेच मी दर वेळी पकडला जायचो.

ताई नाटकांचा साउंड सांभाळते. घोड्यांच्या टापा, गोळीबार, दाराची कडी, सगळं तिच्या हातात. हे नाटक अफगाणिस्तानवर होतं. पहिल्या अंकात इंग्रज येतात, दुसऱ्यात रशियन, तिसऱ्यात अमेरिकन. प्रत्येक सैन्य तुमच्या भल्यासाठी आलोय म्हणत येतं आणि एक दिवस सामान बांधून निघून जातं. तिन्ही सैन्यांचा अधिकारी एकच नट करायचा, फक्त मिशी बदलून. एकदा तालमीत इंग्रजाची मिशी रशियनाच्या अंकातही तशीच राहिली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर म्हणाले, अरे, नाटकाचा मुद्दाच हा आहे.

सर म्हणजे दिग्दर्शक. बोलायला लागले की समोरचा विरघळलाच पाहिजे.

प्रत्येक अंकात एक दुभाषी होता. साहेबाचं लोकांना आणि लोकांचं साहेबाला सांगणारा. सैन्य निघून गेलं की तो एका बंद फाटकाबाहेर राहायचा. नाटक तिथेच संपायचं.

आणि खरा दुभाषी ताईला भेटला एका लाँड्रीत.

नाटकाचे गणवेश जिथे इस्त्रीला जायचे, तिथे इस्त्री करणारे काका अफगाण होते. परक्या सैन्याबरोबर दुभाषी म्हणून राबलेले. मराठी त्यांनी गिऱ्हाइकांकडून कानाने उचलली होती, पण फर्डी बोलायचे. पहिल्याच दिवशी ताई गणवेश टाकून निघाली आणि सवयीने म्हणाली, "येते हं काका."

दुसऱ्या दिवशी गेली तर काका गाल फुगवून बसलेले. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवून तिची वाट बघितली होती म्हणे. ताईला हसू आवरेना. तिने समजावलं की आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात.

काकाही हसले. मग हसता हसता थांबले.

"म्हणजे तुमच्यात जाणाराही येतो म्हणतो?"

हो म्हणाल्यावर त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, तुमच्या नाटकात साहेबाचं शेवटचं वाक्य हेच ठेवा, येतो मी. ताईने सांगितल्यावर सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे ते संहितेत घातलं.

हळूहळू काका तालमींना येऊ लागले. दुभाष्याचं काम करणाऱ्या नटाला त्यांनी एकच गोष्ट घोटून शिकवली. दुभाषी कधी "तो म्हणतो" असं म्हणत नाही. समोरचा "मला भूक लागलीय" म्हणाला, की दुभाष्यानेही "मला भूक लागलीय" म्हणायचं. दिवसभर दुसऱ्याचा "मी" तोंडात घेऊन फिरायचं.

एका संध्याकाळी त्यांनी ताईला स्वतःची गोष्ट सांगितली. सैन्य निघालं तेव्हा त्यांचा साहेब म्हणाला होता, भावाला घेऊन या फाटकाशी थांब, मी येतो. हे दोघे भाऊ थांबले. गर्दी वाढत गेली. पत्र्याचं फाटक उघडलं नाही. मग एकदम रेटा आला आणि धाकट्याचा हात सुटला, तो कायमचा.

"तुझ्या भावाएवढाच होता," काका म्हणाले. म्हणजे माझ्याएवढाच.

सरांनी हे ऐकलं आणि ताईला म्हणाले, ती हाक आपल्याला हवी. त्या दिवशी फाटकाशी मारलेली हाक काकांच्याच आवाजात रेकॉर्ड करून शेवटी वाजवायची. काका तयार झाले, पण त्यांनी एक मागणं घातलं. शेवटी फाटक उघडा. एकदाच. खोटं खोटं का होईना.

सरांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, दिला शब्द.

रेकॉर्डिंगला खोलीत दोघंच होते, काका आणि ताई. काकांनी डोळे मिटले आणि त्यांच्या भाषेत साहेबाला हाक मारली. मग भावाला. संपल्यावर तिने ते परत लावून ऐकलं.

काकांची हाक…

मग शांतता…

आणि मग पत्र्यावर थाप. आणि त्यामागून एक पोरसवदा आवाज.

खोलीत पत्रा नव्हता. पोरगाही नव्हता.

ताईची पाचावर धारण बसली. काकांनी तिच्या कानावरचे हेडफोन हळूच काढून स्वतः लावले. ऐकताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. म्हणाले, "अजून तिथेच उभा आहे, ताई. त्याला वाटतंय, साहेब येणार आहे."

"काय म्हणतोय तो?"

"उघडा म्हणतोय. बस, एवढंच. तुम्ही उघडाल ना?"

ताईनेही शब्द दिला.

प्रयोग एका महोत्सवात होता. दुपारचा. ताई नाट्यगृहात पोचली तर रंगमंचावर ठोकाठोकी चाललेली. सुतार फाटकाच्या दोन्ही पत्र्यांवर आडव्या पट्ट्या मारत होता.

खिळ्यांनी.

सरांनी शेवट बदलला होता. तिसऱ्या अंकातल्या सैन्याच्या देशातले पाहुणे पहिल्या रांगेत बसणार होते, नाटक त्यांच्याकडे नेण्याचं बोलणं चाललं होतं. म्हणून आता साहेब फाटकाशी रडणार होता, आणि दुभाषी त्याला म्हणणार होता, जा साहेब, तुमचा काही दोष नाही. हाकेच्या जागी बासरी. फाटक उघडायचं नाही, हलायलाही नको.

ताई भांडली. काकांना शब्द दिलाय, मीही दिलाय, म्हणाली. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या परक्या भाषेतल्या किंकाळ्या लोकांच्या अंगावर येतात, म्हणाले. काकांचं नाव टाकू की आभारात.

ज्या माणसाने काळीज काढून दिलं त्याच्या तोंडाला अशी पानं पुसली. तीही गोड बोलून. परक्या सैन्याने तीन अंकांत जे केलं ते सरांनी एका दुपारी करून दाखवलं.

काका आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, शेवटच्या रांगेत, ताईच्या साउंडच्या केबिनसमोरच. शेजारची खुर्ची त्यांनी हात ठेवून अडवली होती. ताई सांगायला गेली, पण सांगितलं नाही. "येते हं काका, नंतर बोलू," एवढंच म्हणाली आणि केबिनमध्ये पळाली.

नाटक रंगलं. शेवटचा प्रवेश आला. साहेब फाटकाशी रडू लागला. ताईने बासरीचं बटण दाबलं.

बासरी आली नाही.

तिने परत दाबलं…

सगळं नाट्यगृह चिडीचूप. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

आणि मग… पत्र्यावर थाप पडली.

फाटकामागे फक्त भिंत होती. वीतभर अंतरावर. तिथे माणूस उभा राहूच शकत नव्हता.

परत थाप. पत्रा थरथरला. खिळे ठोकलेल्या पट्ट्या करकरल्या.

हेडफोनमध्ये सर दबक्या आवाजात ओरडले, काय लावलंयस, बंद कर. ताईने समोर बघितलं. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होती. तिच्याकडून काहीच वाजत नव्हतं.

मग तो पोरसवदा आवाज आला. त्याच भाषेत. स्पीकरमधून नाही, फाटकामागून.

आणि शेवटच्या रांगेतून काका उभे राहिले. हात बाजूला सरळ, मान किंचित खाली, जसे ते साहेबाशेजारी उभे राहत असतील तसे. आवाज थांबला की ते बोलायचे. सपाट, स्पष्ट मराठीत.

"मी इथेच आहे. फाटकाशी."

आवाज…

"तुम्ही म्हणालात, येतो. म्हणून मी हललो नाही."

आवाज…

"भाऊ बोलावत होता. तरी मी हललो नाही."

दुभाषी "तो म्हणतो" म्हणत नाही. प्रेक्षकांना वाटलं, नाटकच आहे. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. रंगमंचावरच्या नटाला मात्र दरदरून घाम फुटला होता. त्याची मिशी एका बाजूने सुटून लोंबत होती. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून तो आपलं शेवटचं वाक्य बोलून मोकळा झाला.

"येतो मी."

फाटकामागे शांतता पसरली. बराच वेळ.

मग एकच वाक्य आलं. अगदी हळू. काकांनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांनी भाषांतर करायला वेळ लावला.

"बरं," ते म्हणाले. "मग मीच येतो."

दिवे गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा परत वर गेला तेव्हा फाटक सताड उघडं होतं. पट्ट्या फाटकाशी पडल्या होत्या, खिळा मात्र एकही नव्हता. कुठेच सापडला नाही.

सरांनी वाकून टाळ्या घेतल्या. पाहुण्यांना सांगितलं, दुभाष्याला प्रेक्षकांत बसवायची कल्पना त्यांचीच. मग काकांना मिठी मारून म्हणाले, दर प्रयोगाला असंच करायचं, उद्या लाँड्रीत येतो, बोलू. हे 'येतो' ऐकून अंगावर काटा येतो की नाही? माणूस काही शिकतच नाही.

काका बाहेर पायरीवर बसले होते. ताई त्यांच्याशेजारी बसली आणि रडली. काकांनी तिला दोष दिला नाही. ते जास्त वाईट होतं. तिने कसंबसं विचारलं, सुटला ना तो? शेवटी येतो म्हणाला, म्हणजे निरोपच घेतला ना?

काका म्हणाले,

"ते तुमच्यात, ताई. आमच्या भाषेत जाणारा येतो म्हणत नाही. येतो म्हणजे येतो."

घरी येऊन ताईने ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. काकांची हाक होती. त्यापुढे काहीच नव्हतं. थाप नाही, आवाज नाही. तो आता तिथे नव्हता.

सरांनी ते नाटक पुन्हा केलं नाही. त्यांच्या घराचं दार आता दिवसभर उघडं असतं. हवा खेळती राहते, म्हणतात. थंडीतसुद्धा. उघड्या दारावर थाप पडत नाही ना.

काका दुसऱ्या शहरात गेले. जाताना ताईला म्हणाले, "जातो."

हे सगळं मला पाठ आहे. तरी जिभेची सवय सुटत नाही. परवा दुपारी मी ताईकडे गेलो होतो. जेवलो, गप्पा झाल्या, निघालो. दारात चपला घालता घालता तोंडातून निघून गेलं, "येतो गं ताई."

तिने माझ्याकडे बघितलं. दार लावून घेतलं.

मी जिना उतरत होतो. खालच्या वळणावर पोचलो असेन.

वर… तिच्या दारावर थाप पडली.

मी मान वर केली. जिन्यात कुणी नव्हतं. दाराबाहेर फक्त मी होतो, आणि मी तर खाली उभा होतो.

परत थाप…

मला ओरडायचं होतं. तेवढा वेळच मिळाला नाही. ताईला वाटलं असेल, मीच काहीतरी विसरून परत आलोय. आतून तिच्या पावलांचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा, नेहमीसारखा, घाईचा.

"आले, आले…"