आधी गाडीला हात

हेल्काला पंपावर थांबायचंच नव्हतं. पण पेट्रोलचा काटा तांबड्यावर टेकला होता, आणि रोवानिएमीचं इस्पितळ अजून शंभर किलोमीटर लांब होतं. मागच्या सीटवर चार वर्षांची पिह्ला तापाने फणफणत होती. नवरा खाणीत पाळीवर, फोन लागत नव्हता. गावातली एकुलती रुग्णवाहिका दुसऱ्याच कुणाला घेऊन गेलेली. म्हणून मग लेकीला गोधडीत गुंडाळून बाई स्वतःच निघाली होती.

दुपारचे तीनच वाजले होते, पण लॅपलंडच्या डिसेंबरात तीन वाजता काळोखच असतो. पंप बिनमाणसांचा. दोन यंत्रं, वर एक छप्पर, एक दिवा, आणि चारी बाजूंनी बर्फाने वाकलेली झाडं. चिटपाखरू नव्हतं. थंडी उणे बत्तीस. अशा थंडीत आवाजसुद्धा वेगळा येतो. पायाखालचा बर्फ असा करकरतो की आपल्याच पावलांनी आपण दचकावं.

अति घाई, संकटात नेई, हे आपण दुसऱ्याला सांगायला नेहमी तयार असतो. हेल्काने इंजिन चालूच ठेवलं. बंद केलं असतं तर पोर गारठली असती, असा तिचा हिशेब. टाकीत नळी खुपसली, मुठीची खिट्टी अडकवली, पेट्रोल आपलं आपण वाहू लागलं. एवढ्यात आतून पिह्ला कण्हली.

आता आईला कुठला धीर धरवतोय? ती मागच्या सीटवर जाऊन बसली. सीटवर मेंढीचं कातडं, तिच्या अंगात लोकरीचा जाड स्वेटर, पोरीभोवती लोकरीची गोधडी. हातमोजे काढून तिने कपाळ चाचपलं. चटका बसला. गोधडी सारखी केली, पाठ चोळली, पुटपुटली, "आता पोचतो हं, माझी बाय ती." बाहेर खट्ट करून पेट्रोल थांबलं. हातमोजे सीटवरच टाकून ती बाहेर पडली, आणि नळी ओढून काढायला तिने उघडा हात पुढे केला.

तिचं मनगट कुणीतरी धरलं.

"थांब पोरी." आवाज अगदी हळू, झोपलेल्या मुलाजवळ बोलावं तसा. "आधी गाडी बंद कर."

एक म्हातारा होता. उंच, पाठीत वाकलेला, जुन्या तेलकट डगल्यातला. अंगाला जळक्या लोकरीचा वास. त्याच्या गाडीचा आवाज हेल्काने ऐकला नव्हता, पावलांचाही नाही. पण त्याचा हात उबदार होता, आणि धरण्यात जबरदस्ती नव्हती. दारातून वाकून तिने किल्ली फिरवली. एकाएकी सगळीकडे शांत झालं.

"आता गाडीला हात लाव. नळीपासून लांब. इथे, दाराच्या वर."

ती कचरली. कडाक्याच्या थंडीत उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, कातडी चिकटते, हे इकडे पोरांना बोलता यायच्या आधी शिकवतात. म्हाताऱ्याला ते कळलं. तो वाकला आणि दाराच्या वरच्या पत्र्यावर त्याने हळूच फुंकर घातली. तळहाताएवढं गोठलेलं दहिवर वितळलं. मग तिचा हात धरून त्याने तिथे नेला.

तट्ट! बोटाच्या टोकातून निळी ठिणगी उडाली, तांदळाच्या दाण्याएवढी.

लोकरीवर घासून हेल्काच्या अंगात साठलेली वीज होती ती. हीच ठिणगी नळीच्या तोंडाशी उडाली असती तर? तिथे पेट्रोलची वाफ, आणि हातभर अंतरावर पिह्ला.

"मीसुद्धा असाच आत जाऊन बसलो होतो," म्हातारा म्हणाला. "माझी पोरगी रडत होती…"

"मग?"

"हात लावायचा राहून गेला."

इकडची माणसं परक्याच्या दुःखात नाक खुपसत नाहीत. तिने नळी काढून जागेवर लावली, झाकण फिरवलं. आभार मानायला वळली तर दिव्याखाली कुणीच नव्हतं.

गाडी पाचेक किलोमीटर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. पंपावर तिच्या तोंडातून सारखी पांढरी वाफ निघत होती. म्हातारा बोलला, त्याने फुंकरसुद्धा घातली, पण वाफ एकदाही दिसली नव्हती. तिने आरशात पाहिलं. पिह्ला जागी होती, डावा हात गोधडीबाहेर.

"हात आत घे गं, राणी."

"नाही येत," पिह्ला म्हणाली. "आजोबांनी धरलाय."

"कुठल्या आजोबांनी…?"

पिह्लाने फक्त बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. हेल्काला ओरडावंसं वाटलं, गाडी थांबवावीशी वाटली. पण थांबून करणार काय? ज्याने जीव वाचवला त्याला उतर कसं म्हणायचं? आणि याने पोरीला नेलंच तर? त्याचीही पोर गेली होती. उरलेली सगळी वाट तिने स्टिअरिंग घट्ट धरून एकच गोष्ट सांगितली, हळू आवाजात, मागे न बघता. "ही माझी आहे हो आजोबा. सोबत करा, पण नेऊ नका."

इस्पितळात नर्स सलाइन लावायला आली, तेव्हा पिह्लाने डावा हात पुढे केला नाही. तो हात मोकळा नाही म्हणाली. नर्सने वाद घातला नाही, सुई उजव्या हाताला लावली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, पण वेळेवर आणलंत. सातच्या सुमारास ताप उतरायला लागला. पिह्लाला घाम आला, ओठांवर रंग आला, आणि ती गाढ झोपली. हेल्काचा जीव भांड्यात पडला. पलंगाशी बसून ती पोटभर रडली.

मग लेकीचा डावा हात हातात घ्यावा म्हणून ती पुढे झाली. इवलीशी बोटं वळलेली होती, पण मूठ मिटलेली नव्हती. मध्ये दोन बोटं मावतील एवढी पोकळी होती. हेल्काने त्या पोकळीत आपलं बोट सरकवून पाहिलं.

जागा नव्हती. तिथे काहीतरी होतं, उबदार, आणि ते हललं नाही.

हेल्का उठून पलंगाच्या पलीकडे गेली, आणि सुई जपत तिने लेकीचा उजवा हात धरला.