हत्तीच्या खोलीतलं पाणी

"दहा वाजता मी पोलिसांना फोन करणार आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याआधी काय शोधायचं ते शोधा. चोर तर मी केबिनमध्ये बसवून ठेवलाच आहे."

समोरच्या कपाटाएवढ्या यंत्रातून अजून पाणी ठिबकत होतं. कार्टूनपट बनवणाऱ्या या कंपनीचं हे काळीज: चौसष्ट प्रोसेसरांचा एकच अवाढव्य सर्व्हर. दिवसा काढलेली दृश्यं रात्रभर उजेड-सावल्या घालून पुरी करायची, हे त्याचं काम. मालकीणबाईंच्या वडिलांनी राहतं घर विकून तो घेतला होता, आणि आज कुणीतरी त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं.

भाऊजी हबकून बघत राहिले. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींच्या तपासकामात सोबत करत. वहिनींचं डोकं कात्रीसारखं चालायचं. भाऊजींचंही चालायचं, पण आपलं रमतगमत.

खोलीत कोंदट होतं. वहिनींनी भिंतीवरचा एसीचा रिमोट काढून दाबला. काही झालं नाही. त्यांनी मागचं झाकण उघडलं, तर सेल फुटून हिरवे पडलेले.

"उकडतंय बाई," म्हणत त्यांनी तो परत जागेवर ठेवला.

या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक मामांकडे, म्हणजे मालकीणबाईंच्या सख्ख्या मामांकडे. यंत्र त्यांच्याच सल्ल्याने घेतलेलं आणि सांभाळायचेही तेच. दुसरी, नुसती अडीअडचणीला, केबिनमध्ये कोंडलेल्या इंजिनिअर मुलीकडे; एरवी मामा तिथे कुणाला जाऊ देत नसत.

मामांचे डोळे लाल झाले होते. "तळहाताच्या फोडासारखं जपलं हो मी त्याला. चोवीस तास एसी. काल कुलूप लावलं तेव्हा झकास धडधडत होतं. आज दहा वाजता शर्यत होती, आमचं हे आणि भाड्याने आणलेले तिचे साधे संगणक. शंभर शेळ्या बांधल्या म्हणून हत्ती होतो का? हरणारच होती ती."

केबिनची कडी काढली तेव्हा मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. चेहरा पांढराफटक.

"भांडण होतं तुझं त्या यंत्राशी?" वहिनींनी विचारलं.

"हिशेबाशी होतं. त्याचा एक भाग बदलायचा तर त्या पैशात साध्या संगणकांची अख्खी रांग येते. रांगेतला एक बंद पडला तर त्याचं काम शेजारचा उचलतो. मी मामांना फळ्यावर काढून दाखवलं, तर सगळ्यांदेखत हसले." तिने डोळे पुसले. "मला ते विकून नवे घ्यायचे होते, ताई. भिजलेलं यंत्र कोण घेणार?"

भाऊजींना ते पटलं. पण मग मामांचंही पटलं होतं.

बाहेर स्वागतकक्षातल्या बाईंच्या संगणकावर एक मांजर अंग चोरून झोपलं होतं.

"रोज सकाळी इथेच असतं," बाई म्हणाल्या. "गरम असतो ना. आम्ही जाताना नुसता पडदा बंद करतो. संगणक बंद करायचे नाहीत, हा मामांचा दंडक. चालू-बंद करून बिघडतात म्हणे."

"आणि गिऱ्हाइकाला पाठवायची दृश्यं?"

"येताहेत की. शेवटची तारीख आहे आज. हे बघा, आत्ता एक उतरलं."

पडद्यावर छत्री घेतलेला ससा आला. भाऊजींना त्या गडबडीतही हसू आलं. वहिनी मात्र ताडकन उठल्या.

त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"भाऊजी, स्वयंपाकीण गेली आणि ताटं वाढून येताहेत. मग चुलीपाशी कोण आहे?"

भाऊजींनी मान खाजवली.

"यंत्र पाण्याने मेलं, तरी पुरी झालेली दृश्यं अजून येताहेत. म्हणजे ते काम यंत्र करतच नव्हतं. चोवीस तास एसी म्हणे, आणि रिमोटचे सेल कधीचे सडलेत. ती खोली कित्येक महिने थंड केलेली नाही, कारण आत तापणारं काही उरलंच नव्हतं. तापतात ते बाहेरचे संगणक. लोक घरी गेले की हे सगळ्यांच्या टेबलांवरचे संगणक मिळून सगळं काम करतात. मांजराला ते ठाऊक आहे. आणि संगणक बंद करायचे नाहीत हा दंडक कुणाचा?"

मालकीणबाई मामांकडे वळल्या.

"आज शर्यतीत यंत्र सगळ्यांसमोर सुरू करावं लागणार होतं," वहिनी म्हणाल्या. "मेलेलं आहे हे कळण्याआधी त्याला मारायला हवं होतं. बाहेरचे संगणक मात्र थांबवायला मामांचा हात धजला नाही. दृश्यं आज पोचली नाहीत तर भाचीची कंपनी बुडेल."

मामा मटकन खाली बसले. "गेल्या वर्षीच गेलं गं ते. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि छातीत धस्स झालं. तुझ्या बाबांनी माझ्या शब्दावर घर विकलं होतं. कोणत्या तोंडाने सांगू?"

"माझी रांग," मुलगी पुटपुटली. "माझ्या फळ्यावरची."

"हसत होतो, पण ऐकतही होतो, पोरी. चोर म्हणून नाव मात्र तुझं मी घेतलं नाही."

"नाही घेतलंत. किल्ल्या दोनच आहेत, एवढंच सांगितलंत."

मालकीणबाई पुढे झाल्या. "झालं ते झालं. आजपासून यंत्रांचं सगळं तुझ्या मताने. तू थांब."

मुलीने पर्स खांद्याला अडकवली.

"बाई, मामा घाबरले होते, ते मला कळतं. पण सकाळी तुम्ही मला इथे बसवून कडी लावलीत. 'तू केलंस का', एवढं तरी विचारायचंत."

आता वहिनी तिची समजूत घालतील, असं भाऊजींना वाटलं.

वहिनी दारातून बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला वाट करून दिली.