मोहाखालची रेघ

“आपा, ही रेघ कशाची?”

जुबेरनं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर बोट टेकवलं. त्याच्या मोठ्या बहिणीनं, नाहीदनं, ते आधी झटकलं, कारण बोटाला आंब्याचा रस होता, आणि मग फोटो मोठा केला. मोहाचं झाड, खाली पडलेली पिवळट फुलं, आणि फोटोच्या अगदी कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक सरळ रेघ.

“कोळ्याचं जाळं असंन,” सुकरी म्हणाली.

“एवढं सरळ? कोळी काय पट्टी घेऊन बसला होता?” जुबेरनं विचारलं. तो दहा वर्षांचा होता आणि गप्प बसणं त्याला जमत नसे.

सकाळी फोटो काढताना नाहीदला ती रेघ दिसलीच नव्हती. कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसतं त्याहून बोटभर जास्त फोटोत येतं, हे अब्बूंनी तिला शिकवलं होतं. अब्बू म्हणजे जहीरभाई. चंद्रपूरला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्या वर्षी, म्हणजे २००८च्या एप्रिलमध्ये, त्यांना मोहर्लीच्या वाघांच्या जंगलातल्या गाइड लोकांच्या ओळखपत्रांचं काम मिळालं होतं. शाळेला सुट्टी, म्हणून दोन्ही मुलांना घेऊन ते जवळच्या पळसटोल्यात दसरूभाऊंकडे उतरले होते. दसरूभाऊ स्वतः गाइड. तेरा वर्षांची सुकरी त्यांचीच मुलगी.

कॅमेरा डिजिटल, पण त्याचं भिंग तीस वर्षांचं म्हातारं. मूळचं भिंग एका लग्नात पडून फुटलं, नवं परवडेना. मग अब्बूंनी नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून अठ्ठावीसचं हे जुनं, रुंद बघणारं भिंग तीनशे रुपयांत आणलं आणि पितळी कडं लावून नव्या कॅमेऱ्यावर चढवलं.

“हा कॅमेरा या भिंगाला ओळखत नाही,” ते सांगत. “सगळं हातानं करायचं. अंतराचं कडं पाच मीटरवर, भोकाचं कडं आठवर. मग तीन पावलांपासून डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ येतं. फक्त एक ध्यानात ठेव, बेटा. यातून सगळं लहान दिसतं, म्हणून दूर वाटतं. डोळा कॅमेऱ्याला लावून पाऊल टाकायचं नाही. कधीच नाही.”

“ते तर तुमचं झाड ना?” नाहीदनं सुकरीला विचारलं.

सुकरीनं मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला. पळसटोल्यात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नाल्याकाठचा हा मोह सुकरीच्या आजीच्या आजीपासून त्यांचा. पण बारा दिवसांपूर्वी त्याच झाडाखाली त्यांचा कबऱ्या बैल मरून पडला होता. अंगावर दिसेल अशी जखम नाही, तोंडाला फेस नाही. कोणी म्हणालं साप, कोणी म्हणालं झाडात काहीतरी शिरलं. तेव्हापासून सुकरीची आई, आशाबाई, तिकडे फिरकली नव्हती. फुलं रोज पडत होती आणि हरणं खात होती. अजून आठ दिवसांत मोह संपला असता, आणि बैलापाठोपाठ वर्षाच्या कमाईची फुलंही गेली असती.

“दुपारी जाऊन पाहू,” नाहीद म्हणाली.

“मले भेव लागते,” सुकरी म्हणाली आणि तरीही सगळ्यांच्या पुढं चालू लागली.

दुपारी झाडाखाली चिटपाखरू नव्हतं. फोटोतली ती रेघही नव्हती. गुणवंतरावांच्या भुईमुगाच्या शेताच्या कडेनं मात्र गुडघ्याहून बुटक्या खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला फुटक्या बाटलीचा गळा बांधलेला होता. एका खुंटीपाशी मुंगूस मरून पडलं होतं. त्याच्या पायावर काळी, जळकी रेघ होती.

तिघंही एकमेकांना चिकटून उभी राहिली. 

“रात्री तार लावतात,” ती हळूच म्हणाली. “करंट सोडून. तो खुंटीत उतरू नये म्हणून ही काच. सकाळी गुंडाळून ठेवतात. आपला फोटो त्याच्या आधीचा आहे.”

तिघं धावत वनखात्याचे बीटगार्ड हरिदासभाऊ यांच्याकडे गेली. ते बाजेवर पडून पेपर वाचत होते. मुलांनी फारच गळ घातली तेव्हा कुठं ते उठले, शेताच्या कडेनं एक फेरी मारून आले आणि हसले.

“कुठी हाये तार? खुंट्या त काय, वेलाच्या असतीन.”

“फोटोत आहे,” नाहीदनं कॅमेरा पुढं केला.

“काचेवर केस असंन, पोरी. आन् ही जागा कोणाची, हे कसं समजाव?”

शेताचे मालक गुणवंतराव बांधावर उभेच होते. “मी त पयलेच सांगतलं आशाबाईले, जागा वाईट हाये, जाऊ नोको,” ते म्हणाले. बोलताना त्यांची नजर शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे गेली आणि झटकन परत आली. जुबेरनं ते बरोबर टिपलं.

संध्याकाळी सुकरीनं आईला सगळं सांगितलं. आशाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “हरिदासभाऊ पाहून आला ना? तार नाई म्हणे. सरकारचा मानूस खोटं काऊन बोलंन?”

आता फोटोच हवा होता, आणि तोही असा, की तार आणि गुणवंतरावांची मोटारीची खोली एकाच चौकटीत यावी, दोन्ही स्वच्छ. दूरचं जवळ आणणाऱ्या भिंगानं तार स्वच्छ आली असती तर खोली धूसर झाली असती. म्हातारं भिंग मात्र दोन्ही टिपणार होतं. त्यासाठी तारेच्या तीन पावलांवर जाऊन उभं राहायचं होतं, एवढीच काय ती अडचण.

दसरूभाऊ पहाटे चारलाच मोहर्लीच्या गेटवर गेले. फटफटायला लागल्यावर मुली नाल्यातून झाडाकडे निघाल्या. जुबेरला त्यांनी हरिदासभाऊंना आणि अब्बूंना उठवून आणायला पाठवलं होतं. “नाही उठले तर?” त्यानं विचारलं होतं. “तू नुसता बोलत राहा, उठतील,” सुकरी म्हणाली होती.

नाल्याच्या वाळूत अस्वलाचे ताजे पाय उमटले होते. मोह खायला रात्री येऊन गेलं असणार. सुकरीनं ते पाहिले आणि नाहीदचा हात घट्ट धरला. झाडाखाली पोचल्या तेव्हा उजेड राखेसारखा होता. टप, टप, फुलं पडत होती. बुंध्याआड बसून दोघींनी पाहिलं.

तार होती. खुंट्याखुंट्यांवरून ताणलेली, जमिनीपासून वीतभर उंच. पलीकडे शेत आणि शेताच्या टोकाला मोटारीची खोली. खोलीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांवर टाकलेला आकडा इथूनही दिसत होता.

 तिनं दोन्ही कडी तपासली. पाच, आठ. कॅमेरा डोळ्याला लावला. तार तर कितीतरी दूर दिसत होती. दोऱ्यासारखी बारीक. खोलीही वरच्या फांदीमागं झाकली जात होती. थोडं पुढं गेलं तर... तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, तिसरं.

वेणीला असा हिसका बसला की ती पाठीवर पडली.

“मरतं का?” सुकरी तिच्या कानात फुसफुसली.  “पाह्य, पाय कुठी हाये तुझा.”

नाहीदनं पाहिलं. तिच्या चपलेच्या टोकापासून तार हातभर होती. अब्बूंनी एकच गोष्ट ध्यानात ठेवायला सांगितली होती आणि तीच ती विसरली होती. तिला रडू आलं, पण रडायलाही आवाज करून चाललं नसतं. ती रांगतच मागं सरकली.

तेवढ्यात सुकरीनं शेताकडे बोट दाखवलं. “माय,” ती म्हणाली.

शेतातून आशाबाई येत होत्या. काखेत टोपली, पाय अनवाणी, नजर समोरच्या फुलांवर. सरकारी माणसानं तार नाही म्हटलं होतं, तेवढ्या भरवशावर त्यांनी बारा दिवसांची भीती बाजूला ठेवली होती. त्या झाडाकडे येत होत्या, आणि मध्ये ती तार होती.

“हाक मार,” नाहीद म्हणाली. “मार ना!”

सुकरीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपण “माय” म्हणून ओरडलो तर माय काय करील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीवर अस्वल धावून आलं असं समजून ती पळत येईल. सरळ. तारेवरून.

चार पावलं उरली. तीन.

सुकरीनं दोन्ही तळवे तोंडाशी नेले.

“खॅक्! खॅक्-खॅक्!”

वानराची धोक्याची हाक. वाघ दिसला की फांदीवरून वानर देतं ती. या रानात ती ऐकल्यावर पाऊल उचलणारा माणूस नाही. आशाबाई जागच्या जागी थिजल्या. एक पाय अर्धा उचललेला होता, तो त्यांनी होता तिथंच, मागं टेकवला. डोळे तेवढे झुडपांमधून फिरत राहिले.

“खॅक्-खॅक्!”

शेताच्या टोकाला धप्प आवाज झाला. गुणवंतरावांचा गडी सोमाजी खटका पाडायला आणि तार गुंडाळायला खोलीकडे निघाला होता. उशीर झाला म्हणून घाईत होता. हाक ऐकताच त्यानं हातातली तार गुंडाळायची फळी टाकली, मोटारीच्या खोलीत शिरला आणि आतून कडी घातली.

“फोटो काढ,” सुकरी पुटपुटली. “मी थांबलो त माय चालन.” आणि ती वानरासारखी खाकरत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घसा फाटत होता.

नाहीद गुडघ्यांवर बसली. या वेळी तिनं आधी डोळ्यांनी अंतर मोजलं, तीन पावलं, आणि मगच कॅमेरा उचलला. पुढं तार आणि बाटलीचे गळे, मागं आशाबाई, त्यांच्यामागं खोली, खोलीवरचा आकडा. खट्. खट्. खट्.

तेवढ्यात बांधावरून जुबेरचा आवाज ऐकू आला. त्याच्यामागं अब्बू धावत होते आणि त्यांच्यामागं लुंगी सावरत हरिदासभाऊ.

“थांबा, तार आहे!” नाहीद ओरडली. “सुरू आहे!”

हरिदासभाऊ थांबले, त्यांनी तार पाहिली आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. सुकरीनं सोमाजी आत शिरल्याचं सांगितलं, तसं त्यांनी जाऊन खोलीचं दार बडवलं. “सोमाजी, अगुदर खटका पाड. मंग बाहीर ये.”

“वाघ गेला का जी?” आतून प्रश्न आला.

“वाघ नाई, मी हावो. अन् मी काई जात नाई.”

अर्ध्या तासात गुणवंतराव आले. डुकरं पीक ठेवत नाहीत, आपण तरी काय करावं, रोज सकाळी तार काढतोच, असं बरंच बोलले. हरिदासभाऊंनी ऐकून घेतलं. “पिकाची भरपाई मागता येते, गुणवंतराव. या बाईची कुठून आणली असती? पंचनामा होईन. फोटो हाये, तुमची खोली फोटोत हाये, अन् तुमचा मानूस खोलीत हाये.” मग ते मुलांकडे वळले आणि खाली मान घालून म्हणाले, “काल मी पाहाले पाहिजे होतं. तुम्ही पाह्यलं. या बीटमधी माह्याहून चांगले गार्ड तुम्ही तिघं हा.”

अब्बूंनी नाहीदच्या डोक्यावर हात ठेवला. चपलेचं टोक आणि हातभर अंतर, हे तिनं त्यांना तिथंच सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते तिच्याजवळ खाली बसले.

दुपारी अंगणात सगळ्यांनी फोटो पाहिला. आशाबाईंनी पडदा डोळ्यांजवळ धरला. पुढं तार, आणि मागं लहानशा त्या, टोपली घेऊन.

“अवो, मी त केवढी दूर होतो,” त्या हसून म्हणाल्या. “उगाच भेवाडलं पोरींनी.”

नाहीदनं सुकरीकडे पाहिलं. सुकरीचा घसा बसला होता, तरी ती बोलली.

“माय, हे भिंग दूर दाखवते. तू तीन पावलावर होती. आम्ही मोजलं.”

आशाबाईंचं हसू गेलं. त्यांनी कॅमेरा जपून खाली ठेवला आणि सुकरीला ओढून छातीशी धरलं. मग हात लांब करून नाहीदलाही ओढलं. जुबेर आपणहूनच मध्ये शिरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोहाखाली पाच टोपल्या होत्या, मायलेकींच्या दोन आणि पाहुण्यांच्या तीन.